डॉ. सॅम्युएल जॉन्सन

इंग्लंडातील लिचफील्ड या गावी १७०९ साली सॅम्युएल जॉन्सन यांचा जन्म झाला. वडील मायकेल हे पुस्तकविक्रेते होते. त्यांच्या दुकानातील पुष्कळ ग्रंथ जॉन्सन यांनी लहानपणीच वाचले. परंतु दारिद्र्यामुळे ऑक्सफर्डचे शिक्षण त्यांना अर्धवट सोडावे लागले. पुढे लंडन येथे लेखणीवर उदरनिर्वाह करीत त्यांनी १७५५ मध्ये सुमारे ४२,००० शब्दांचा इंग्रजी कोश सिद्ध केला.

ग्रंथाने वाचकास आनंद द्यावा, तसेच सदाचारही शिकवावा, असे त्यांचे मत होते. शेक्सपिअरविषयी त्यांना नितान्त आदर होता. तरीही १७६५ मध्ये त्याच्या नाटकांचे संपादन करताना, हा नाटककार नीतिबोधाकडे पुरेसे लक्ष देत नाही, हा दोष त्यांनी निर्भीडपणे दाखविला. पुढील अनेक टीकाकारांना हे मत पटले नाही.

परंतु ग्रंथांना लावलेली कसोटी जॉन्सन यांनी स्वतःलाही लावली. वडील युटॉक्सिटरच्या बाजारात पुस्तके विकण्यास बसत. तेथे जाण्यास तरुण जॉन्सन यांनी एकदा गर्वाने नकार दिला होता. ही गोष्ट त्यांच्या मनाला सतत डाचत असे. अखेर वृद्धपणी, मोठी कीर्ती लाभल्यावर, ते त्या बाजारात गेले आणि वडिलांच्या जागी भर पावसात उघड्या डोक्याने उभे राहिले.

१७८४ मध्ये ते निवर्तले. कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांनी त्यांची ‘रासेलस’ ही कथा मराठीत आणली. दुसऱ्याचे दोष दाखविणाऱ्याने स्वतःचे दोषही ओळखावे, हाच जॉन्सन यांच्या चरित्राचा बोध होय.