चुका दुरुस्त करणारे गणित : रिचर्ड हॅमिंग

दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट घरी येत असे, तेव्हाचा मोडेमचा चिरका आवाज अनेकांच्या कानात अजून असेल. त्याच खरखरणाऱ्या तारेतून एखादे पत्र मात्र एकही अक्षर न बिघडता पोहोचे. ही अचूकता ज्या शास्त्राने दिली, त्याचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकी गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

११ फेब्रुवारी १९१५ रोजी शिकागोत जन्मलेल्या हॅमिंग यांना अभियंता व्हायचे होते. परंतु महामंदीच्या काळात शिष्यवृत्ती मिळाली ती शिकागो विद्यापीठाची, आणि तेथे अभियांत्रिकीची शाखाच नव्हती. ते गणिताकडे वळले. १९४२ मध्ये इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन १९४५ मध्ये ते लॉस अलामॉसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात गणनयंत्रांच्या कामावर रुजू झाले. पुढल्याच वर्षी ते बेल प्रयोगशाळेत आले.

तेथील रिलेंवर चालणारा संगणक त्यांच्या वाट्याला शनिवार-रविवारीच येई. चूक झाल्याचे त्या यंत्राला कळत असे. इतर दिवशी कर्मचारी येऊन ती निस्तरत. सुटीत मात्र यंत्र ते गणित अर्धवट टाकून पुढच्या कामाला लागे. १९४७ मध्ये लागोपाठ दोन आठवडे हॅमिंग यांचे काम असेच वाया गेले. उत्तरे तातडीने हवी असल्याने ते संतापले. चूक झाल्याचे यंत्राला कळते, तर ती कोठे झाली हे ओळखून यंत्रानेच ती दुरुस्त का करू नये, असा प्रश्न त्यांना पडला.

उत्तरही त्यांनीच शोधले. माहितीच्या ४ बिटना ३ तपासणी बिट जोडायचे. प्रत्येक तपासणी बिट ठरावीक स्थानांवर पहारा ठेवतो. एखादा बिट बिघडला, की कोणत्या तपासण्या चुकल्या यावरून त्याचे नेमके स्थान कळते. तेथे शून्याचा एक किंवा एकाचा शून्य केला, की संदेश पूर्ववत! पेटंटच्या सोपस्कारांमुळे रखडलेला हा शोधनिबंध १९५० मध्ये प्रसिद्ध झाला.

मोडेमची रीत थोडी वेगळी होती. १९८४ च्या व्ही.३२ मानकात दर ४ बिटमागे १ जादा बिट पाठवून खरखरीतून मूळ संदेश ओळखण्याची सोय होती. १९८८ च्या व्ही.४२ मानकानुसार माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्याला तपासणीचे बिट जोडले जात. ते जुळले नाहीत, तर तो गठ्ठा पुन्हा मागवला जाई. थोडी जादा माहिती सोबत पाठवून चुकीवर मात करण्याचे तत्त्व मात्र हॅमिंग यांच्याच परंपरेतले. दोन संदेशांतील फरक मोजण्याची त्यांची पद्धत आजही हॅमिंग अंतर म्हणून ओळखली जाते.

१९६८ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार लाभला. १९७६ पासून त्यांनी मॉंटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात अध्यापन केले. ७ जानेवारी १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सेकंदाला ५६ हजार बिट वेगाच्या मोडेमचे व्ही.९० मानक संमत झाले. मोडेमचा आवाज पुढे घराघरांतून लोपला; वाया गेलेल्या दोन सुट्ट्यांतून जन्मलेले हॅमिंग यांचे गणित मात्र संगणकांच्या स्मृतीत आजही चुका दुरुस्त करीत आहे.