शेर-ए-भोपाळ : खान शाकिर अली खान

निवडणुका जवळ आल्या की ‘एकगठ्ठा मते’ हा शब्द कानांवर पडू लागतो. अल्पसंख्यांची मते म्हणजे जणू एखाद्या पक्षाच्या कोठारात आधीच भरून ठेवलेले धान्य! खान शाकिर अली खान यांचे चरित्र वाचले, की ही समजूत किती पोकळ आहे ते कळते.

भोपाळ हे नबाबाचे संस्थान. नबाब मुसलमान, बहुसंख्य प्रजा हिंदू. अशा राज्यात मुसलमान नबाबाच्याच पाठीशी राहणार, असा हिशेब असे. शाकिर अलींनी तो चुकवला. ‘सुबहे वतन’ या उर्दू पत्रातून त्यांनी संस्थानी कारभारावर कोरडे ओढले, प्रजामंडळाच्या चळवळीत उडी घेतली आणि तुरुंगवासही सोसला. लोक त्यांना ‘शेर-ए-भोपाळ’ म्हणू लागले.

1949 साली संस्थान केंद्राच्या ताब्यात गेले आणि 1956 साली मध्य प्रदेशात आले. फाळणीची जखम अजून ओली होती. आता हिशेब नवा झाला : भ्यालेला मुसलमान काँग्रेसला सोडून जाणार कोठे? पण 1957 साली भोपाळकरांनी विधानसभेवर पाठविले ते कम्युनिस्ट पक्षाच्या शाकिर अलींना. त्याच वर्षी भोपाळच्या लोकसभा मतदारसंघातून मात्र काँग्रेसच्या मैमूना सुलतान निवडून आल्या. 1962 सालीही हेच घडले. दोन्ही उमेदवार मुसलमान, पण पक्ष वेगळे. मग गठ्ठा राहिला कोठे? पुढे 1967 व 1972 सालीही शाकिर अलीच आमदार झाले.

त्यांच्या पक्षालाही हा धडा चुकला नाही. कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला होता. 1977 साली विधानसभेची ही जागा त्याच्या हातून गेली. लोकसभेसाठी काँग्रेसचे शंकर दयाळ शर्मा यांचा जनता पक्षाच्या आरिफ बेग यांनी पराभव केला.

शाकिर अली जाऊन आता चार दशकांहून अधिक काळ लोटला. भोपाळात वायुपीडितांवर उपचार करणाऱ्या एका रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. वायुपीडितांनाही आश्वासने पुष्कळ मिळाली, हे सर्वश्रुत आहे.

अल्पसंख्य धर्माने असोत वा आपल्या सीमाभागातल्यासारखे भाषेने, जे मत मागावे लागत नाही, त्याची किंमतही कोणी मोजत नाही. भोपाळच्या मतदारांनी ते मागायला लावले.