तराजू घेऊन इतिहासात शिरलेला गणिती

प्रथम वर्षाला अर्थशास्त्राच्या जोडीने सांख्यिकी पदरी पडली म्हणजे कलाशाखेच्या विद्यार्थ्याची काय अवस्था होते, हे मी सांगत बसत नाही. वाचकांपैकी काहींनी ती भोगली आहे, काहींनी वर्गात उभे राहून पाहिली आहे. वारंवारता सारणी मांडा, सरासरी काढा, प्रमाण विचलन काढा, सहसंबंध गुणांक काढा! पुस्तकात बापांच्या आणि मुलांच्या उंच्या दिलेल्या असतात. त्या कोणी मोजल्या, कशासाठी मोजल्या, याचा पत्ता नसतो. उत्तराखाली दोन रेघा ओढायच्या आणि पुढचे उदाहरण घ्यायचे. हीच उदाहरणे खऱ्या कामाला जुंपणारा एक माणूस मला ग्रंथालयात भेटला. त्याचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

इतिहासकार म्हणून ते आपल्याला ठाऊक असतात. मूळचे ते गणिती. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात त्यांचा जन्म झाला. वडील आचार्य धर्मानंद कोसंबी हे पाली व बौद्ध धर्माचे थोर पंडित. त्यांच्याबरोबर मुलगा लहानपणीच अमेरिकेला गेला आणि १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर होऊन परतला. बनारस आणि अलीगढ येथे थोडा काळ शिकवून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले व १९४५ पर्यंत तेथे होते. १९३४ साली त्यांना रामानुजन पारितोषिक मिळाले होते. पण सांख्यिकी त्यांना कोणी शिकवली नव्हती. ती त्यांनी स्वतःच शिकायला घेतली, आणि सरावासाठी पुस्तकातली उदाहरणे न घेता हाताशी असलेली खरी आकडेवारी घेतली. पहिली होती विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुणांची. (आपल्या निकालाचा कोणी असा हिशेब मांडला तर प्राध्यापक आणि विद्यार्थी यांपैकी जास्त कोण घाबरेल, हा प्रश्न मी सोडून देतो.) दुसरी होती जुन्या नाण्यांची, आणि तिने त्यांचे आयुष्यच बदलले.

तक्षशिलेच्या भीर टेकडीत चांदीच्या आहत नाण्यांची एक मोठी ठेव सापडली होती. तीत शिकंदराची दोन नाणी कोरी करकरीत निघाली, म्हणून ती इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस पुरली गेली असे मानतात. आहत नाण्यांवर राजाचे नाव नसते, सालही नसते. असतात त्या नुसत्या ठशांच्या खुणा. मग आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, हे ठरवायचे कसे? कोसंबींनी तराजू उचलला. नाणे हातोहात फिरते तेव्हा प्रत्येक हात त्याची कणभर चांदी नेतो. म्हणून जितका काळ चलनात, तितकी सरासरी कमी. पण सगळी नाणी सारखी झिजत नाहीत. एखादे गाडग्यात पडून राहते, एखादे रोज बाजार पाहते. त्यामुळे सरासरी घसरत असताना विचलन मात्र वाढत जाते. टाकसाळीतून निघालेल्या नाण्यांचा आलेख उंच आणि अरुंद. जुन्यांचा बसका, पसरट आणि डावीकडे सरकलेला. वर्गात फळ्यावर काढलेल्या त्या दोन घंटाकृती वक्रांना काही अर्थ असतो, हे मला येथे प्रथम उमगले.

नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक खुणा असतात. व्यापाऱ्यांनी वेळोवेळी नाणे पारखून त्या उठवल्या, असे कोसंबींचे म्हणणे. मागच्या खुणा जितक्या जास्त तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. ऋण सहसंबंध, दुसरे काय! हे व्यापारी आपल्या किनाऱ्याला परके नाहीत. ती ठेव पुरली गेल्यावर काही शतकांनी मांदाडच्या खाडीकाठी कुड्याची लेणी खोदली गेली, त्यांतल्या दानलेखांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. आणि आपल्या चौलचे जुने नाव कान्हेरीच्या लेखांत वाचता येते.

कोसंबींनी आजची नाणीही हजारोंनी, एकेक करून तोलली, कारण झिजेचा नियम आधी चालू चलनावर पडताळायला हवा होता. त्यातली मेख मी येथेच पाहिली. एका वाण्याच्या गल्ल्यातली एक रुपयाची शंभर नाणी आम्ही दोघा मित्रांनी सोनाराच्या काट्यावर तोलली. सारणीत दोन शिखरे आली. १९९२ पासूनचा पोलादी रुपया ४.८५ ग्रॅमचा आणि २०११ पासूनचा ३.७९ ग्रॅमचा, दोन्ही एकत्र ओतले तर मधली सरासरी निघते ती कोणत्याच नाण्याची नसते. आधी एकजिनसी गट पाडायचे आणि मग मोजायचे. कोसंबींनी पुढच्या बाजूच्या ठशांवरून गट पाडले ते यासाठी. त्या गटांना त्यांनी जी राजांची नावे दिली ती सर्वांना पटली नाहीत; पण मोजण्याची रीत शास्त्रशुद्ध होती.

नाण्यांचा क्रम लागला, तेव्हा ती पाडली कोणी, हा प्रश्न आला. त्यासाठी जुने ग्रंथ, ग्रंथांसाठी संस्कृत. संस्कृतासाठी त्यांनी भर्तृहरी धरला, आणि शेकडो हस्तलिखिते ताडून १९४८ साली त्याच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. भारतीय इतिहासावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ १९५६ चा. म्हणजे आपण ज्या विषयाला भिऊन कलाशाखेत येतो, त्याच विषयाच्या दाराने हा माणूस आपल्या शाखेत आला.

१९४५ नंतर ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करीत. तेथला शेवट गोड झाला नाही. रीमानच्या सुप्रसिद्ध कूटप्रश्नाची सिद्धता संभाव्यतेच्या मार्गाने मिळाली असे त्यांनी जाहीर केले. ती टिकली नाही, आणि गणितज्ञांत त्यांची पत उतरली. १९६२ साली संस्थेशी संबंध संपला. नाण्याचा कण न् कण तोलणाऱ्या माणसाने येथे घाई का केली, हे कोडे मला सुटलेले नाही. त्यांचा स्वभाव तिखट होता, मित्रांनाही ते सोडत नसत. त्याचीही किंमत त्यांनी मोजली असावी.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न. जनुकांमधले अंतर मोजण्याचे १९४४ साली छापलेले त्यांचे सूत्र जगभरच्या अनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळांत आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते, आणि ते वापरणाऱ्या कित्येकांना हा कोसंबी इतिहासकार होता याची कल्पना नसते.