कॅननबॉल बेकर आणि त्याच्या गाड्या

लांबचा पल्ला वेगाने गाठायला गाडी कोणती, या प्रश्नावर ज्याचं पोट चालत असे तो माणूस म्हणजे अमेरिकेचा अर्विन बेकर (१८८२–१९६०). इंडियाना राज्यातल्या या गड्याचा वाहन कंपन्यांशी करार असे: विक्रम झाला तर पैसे, नाहीतर दमडीही नाही. मग नुसती पळणारी गाडी काय कामाची? वाटेत न मोडणारी हवी.

१९१४ साली त्याने मोटारसायकल काढली. नाव ‘इंडियन’, पण आपल्या देशाशी तिचा काही संबंध नाही! निवड अचूक होती. पश्चिमेकडे तेव्हा धड रस्तेच नव्हते. वाळूत, चिखलात मोटार रुतली असती. दुचाकी निघाली, काही ठिकाणी तर रेल्वेच्या रुळांवरून. सॅन दिएगो ते न्यूयॉर्क साडेअकरा दिवस. वर्तमानपत्राने त्याला एका वेगवान आगगाडीचं नाव बहाल केलं, ‘कॅननबॉल’. पुढच्या वर्षी स्टुट्झ बेअरकॅट ही स्पोर्ट्स मोटार घेऊन तो पुन्हा देश ओलांडून गेला, तर वाचले जेमतेम पाच तास. रस्ताच नसेल तर चार चाकं तरी काय करणार?

१९२६ मध्ये मात्र माल भरलेला दोन टनी ट्रक त्याने न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला पावणेसहा दिवसांत नेला. ट्रक, बरं का!

१९३३ मध्ये पन्नाशी उलटलेला बेकर ग्रॅहम कंपनीच्या आठ सिलिंडरच्या ‘ब्लू स्ट्रीक’मधून एकटाच निघाला आणि न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला साडेत्रेपन्न तासांत पोचला. झोप अर्धा तास. हा विक्रम जवळजवळ चाळीस वर्षं टिकला.