रुळांवरचा सेनापती : हेल्मुट फॉन मोल्टके

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत एका जर्मन सेनापतीचे चरित्र कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण आपल्या मंडळातले निम्मे सभासद रेल्वेची भाकरी खाणारे आहेत, आणि या माणसाने रेल्वेच्या वेळापत्रकालाच युद्धाचे हत्यार बनवले. त्याचे यश मोठे होते आणि त्या यशाची पुढे जगाने मोजलेली किंमतही मोठी होती. म्हणून हा परिचय.

हेल्मुट फॉन मोल्टके याचा जन्म 26 ऑक्टोबर 1800 रोजी उत्तर जर्मनीतील पार्खिम या लहान गावी झाला. घराणे खानदानी, पण हाती पैसा नाही. 1806 साली नेपोलियनच्या फौजांनी ल्यूबेकमधले त्यांचे घर लुटले आणि कुटुंबाची परिस्थिती आणखी खालावली. पोरवयातच त्याला कोपनहेगनच्या सैनिकी शाळेत धाडण्यात आले. तिथले दिवस उपासमारीचे आणि कडक शिस्तीचे होते. 1819 मध्ये तो डॅनिश सैन्यात अधिकारी झाला आणि 1822 मध्ये प्रशियाच्या सैन्यात दाखल झाला. बर्लिनच्या युद्धविद्यालयात तो शिकला तेव्हा त्या संस्थेचा संचालक होता प्रसिद्ध युद्धशास्त्रज्ञ क्लाउझेविट्झ.

लेफ्टनंटच्या तुटपुंज्या पगारात भागत नसे. घोडे विकत घेण्यापुरते पैसे मिळावेत म्हणून त्याने गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचे जर्मन भाषांतर करायला घेतले. अनेक खंड पूर्ण केले, पण मोबदला पुरता हाती आलाच नाही. भाषा मात्र त्याला उत्तम येत. सात भाषा जाणणारा आणि सातही भाषांत गप्प बसणारा माणूस, अशी त्याची ख्याती होती.

1835 मध्ये तो तुर्कस्तानला गेला आणि सुलतान दुसरा महमूद याचा लष्करी सल्लागार झाला. 24 जून 1839 रोजी निझिप येथे तुर्की फौज इजिप्तच्या इब्राहिम पाशासमोर उभी ठाकली. माघार घेऊन बळकट जागा धरावी, असा मोल्टकेचा सल्ला होता. तुर्की सेनापतीने तो मानला नाही आणि फौजेची दाणादाण उडाली. वयाच्या 65 व्या वर्षापर्यंत मोल्टकेने पाहिलेली मोठी लढाई ही एवढीच, आणि तीही हरलेली!

परत आल्यावर 1842 मध्ये त्याने मेरी बर्ट या इंग्रज मुलीशी लग्न केले. याच सुमारास त्याला रेल्वेचे वेड लागले. जर्मनीतली पहिली आगगाडी 1835 साली न्यूरेंबर्ग-फ्युर्थ या दोन गावांदरम्यान धावली होती. मोल्टके बर्लिन-हॅम्बर्ग रेल्वे कंपनीच्या संचालक मंडळावर गेला आणि स्वतःची शिल्लकही त्याने त्यात गुंतवली. 1843 मध्ये रेल्वेमार्गाची आखणी कोणत्या निकषांवर करावी, यावर त्याने एक लेख लिहिला. बोरीबंदर-ठाणे गाडी धावायला तेव्हा अजून दहा वर्षे होती! चढ, वळणे, रुळांचा खर्च, मालाची आवक या सगळ्याचा विचार एक लष्करी अधिकारी करत होता.

1857 मध्ये मोल्टके प्रशियाच्या जनरल स्टाफचा प्रमुख झाला. हे खाते तेव्हा फारसे वजनदार नव्हते. त्याने तिथे रेल्वेसाठी वेगळा विभाग उघडला. कोणती पलटण कोणत्या स्थानकावर चढणार, किती डबे लागणार, घोड्यांना पाणी कुठे पाजणार, गाडी कुठे रिकामी होणार, हे सारे शांततेच्या काळात कागदावर उतरू लागले.

1866 मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध पेटले. सरहद्दीकडे जाणारे पाच रेल्वेमार्ग प्रशियाच्या हाती होते. व्हिएन्नाहून बोहेमियाकडे जाणारा मार्ग एकच. आपल्या भाषेत सांगायचे तर सगळा खेळ लाइन कपॅसिटीचा होता. मोल्टकेने पाचही मार्ग एकदम वापरले. सुमारे 21 दिवसांत जवळजवळ 2 लाख सैनिक आणि 55 हजार घोडे सरहद्दीवर उतरले. पाच ठिकाणी उतरल्यामुळे सैन्य विखुरले गेले, म्हणून जुन्या पद्धतीच्या सेनापतींनी नाके मुरडली. पण सैन्याने वेगवेगळे चालावे आणि लढाईच्या वेळी एकत्र यावे, हेच त्याचे सूत्र होते. 3 जुलै 1866 रोजी क्योनिगग्रेट्झच्या रणात दुपारपर्यंत पारडे दोलायमान होते. मग युवराजाची फौज बाजूने येऊन धडकली आणि दिवस प्रशियाचा झाला. अवघ्या सात आठवड्यांत युद्ध संपले. तोवर प्रशियातल्याच कित्येक अधिकाऱ्यांना मोल्टके हे नाव नीट ठाऊक नव्हते.

मात्र एक गोष्ट इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. त्या युद्धात माणसे वेळेवर पोहोचली, पण रसद पोहोचली नाही. शेवटच्या स्थानकांवर माल उतरवायला ना फलाट, ना माणसे, ना पुढे न्यायला गाड्या. हजारो टन माल डब्यांतच अडकला, पाव बुरसले आणि रिकामे डबे परत फिरेनात. यार्ड तुंबले की काय होते, हे आपल्यापैकी ज्यांनी पाहिले आहे त्यांना जास्त सांगायला नको. मोल्टकेने विजयाच्या धुंदीत न राहता या चुकांचा अभ्यास केला.

दोनच वर्षांनी, 1868 च्या नाताळच्या आदल्या दिवशी, मेरी वारली. मूलबाळ नव्हते. सायलेशियातल्या क्रायझाऊ या आपल्या जहागिरीत त्याने तिच्यासाठी छोटे प्रार्थनागृह बांधले.

जुलै 1870 मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपले. सहा रेल्वेमार्गांवरून 18 दिवसांत 4 लाख 60 हजारांच्या वर माणसे फ्रान्सच्या सीमेवर आली. फ्रान्सची रेल्वे मुळीच कमी प्रतीची नव्हती, कमी होती ती पूर्वतयारी. राखीव सैनिकाने आधी आपल्या पलटणीच्या ठाण्यावर जायचे आणि तिथून सीमेवर, अशी पद्धत. त्यामुळे झुआव्ह पलटणींच्या राखीव सैनिकांना आधी समुद्र ओलांडून अल्जीरिया गाठावे लागे आणि मग परत फ्रान्समध्ये यावे लागे! मेट्झच्या स्थानकात डब्यांत काय आहे हे कुणालाच कळेना. 2 सप्टेंबर 1870 रोजी सेदान येथे खुद्द सम्राट तिसरा नेपोलियन लाखभर फौजेसह शरण आला. ऑक्टोबरअखेर मेट्झही पडले.

पण फ्रान्सच्या भूमीत शिरल्यावर मोल्टकेच्या रेल्वेचीही दमछाक झाली. पॅरिसकडे जाणारा मुख्य मार्ग तूलच्या किल्ल्याने 23 सप्टेंबरपर्यंत अडवून धरला. पुढे नांतेयचा बोगदा फ्रेंचांनी उडवून दिला. त्याला वळसा घालणारा मार्ग तयार होईपर्यंत नोव्हेंबर उजाडला. एक बोगदा आणि एक किल्ला मिळून विजयी सैन्याला किती आठवडे खोळंबून ठेवू शकतात, हे तेव्हा दिसले. 18 जानेवारी 1871 रोजी व्हर्सायमध्ये जर्मन साम्राज्याची घोषणा झाली आणि दहा दिवसांनी पॅरिस पडले. मेट्झ ताब्यात ठेवावे, असा मोल्टकेचा लष्करी आग्रह होता. आल्सास आणि लोरेनचा भाग जर्मनीने घेतला. ही जखम फ्रान्स विसरला नाही.

1888 पर्यंत मोल्टके पदावर राहिला. 1889 मध्ये एडिसनच्या फोनोग्राफवर त्याचा आवाज नोंदवला गेला. ज्यांचा आवाज आजही ऐकता येतो, अशांत सर्वांत आधी, म्हणजे 1800 साली, जन्मलेला माणूस तो हाच. सातही भाषांत गप्प राहणाऱ्याचा आवाज उरावा, ही गंमतच! मे 1890 मध्ये जर्मन संसदेत या वृद्ध सेनापतीने सावधगिरीचा इशारा दिला. पुढचे युद्ध झटपट संपणार नाही, ते सात वर्षे चालेल, कदाचित तीस वर्षे, आणि ते पेटवणाऱ्याची धडगत नाही, असा त्याचा आशय होता. मार्च 1891 मधले त्याचे शेवटचे भाषण सर्व जर्मनीत एकच प्रमाणवेळ असावी यासाठी होते. गावोगावच्या वेगवेगळ्या घड्याळांमुळे रेल्वेची आणि सैन्याच्या जमवाजमवीची अडचण होते, हा त्याचा मुद्दा. 24 एप्रिल 1891 रोजी तो वारला आणि 1 एप्रिल 1893 पासून एकच वेळ लागू झाली. आपल्याकडे 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईने मात्र आपला निराळा टाइम 1955 पर्यंत सोडला नाही, हे जुन्या मुंबईकरांना आठवत असेल.

आता किमतीविषयी. 1 ऑगस्ट 1914 रोजी कैसरने जनरल स्टाफच्या तत्कालीन प्रमुखाला सांगितले की फ्रान्सकडे निघालेले सैन्य वळवून पूर्वेला रशियाकडे न्यावे. तो प्रमुख म्हणजे आपल्या मोल्टकेचा पुतण्या, धाकटा मोल्टके. वर्षभर खपून केलेले वेळापत्रक आता बदलता येणार नाही, असे त्याचे उत्तर होते. रेल्वे विभाग सांभाळणाऱ्या ग्रोनरचे मत पुढे वेगळे पडले, ते काम शक्य होते असे तो म्हणे. काही असो, गाड्या पश्चिमेलाच गेल्या. काकाची शिकवण अशी होती की शत्रूशी पहिली गाठ पडेपर्यंतच योजना चालते, पुढे प्रसंग पाहून निर्णय घ्यावा लागतो. पुतण्याच्या पिढीने वेळापत्रक घेतले आणि ही शिकवण सोडली. काकालाही यातून पूर्ण मोकळे करता येत नाही. आधी गाड्या सोडणारा जिंकतो, हा धडा सगळ्या युरोपने 1870 मध्ये त्याच्याकडूनच घेतला. म्हणून 1914 मध्ये थांबून बोलणी करायला कुणापाशी वेळ उरला नाही.

याच घराण्यातला हेल्मुट जेम्स फॉन मोल्टके हिटलरच्या विरोधात उभा राहिला. क्रायझाऊच्याच वास्तूत त्याचे मित्र जमत. जानेवारी 1945 मध्ये त्याला फाशी झाली. क्रायझाऊ आज पोलंडमध्ये आहे. नोव्हेंबर 1989 मध्ये तिथे जर्मनी आणि पोलंडचे नेते समेटाच्या प्रार्थनेसाठी एकत्र आले.

वेळापत्रक काटेकोर हवेच, त्याशिवाय आपले एक दिवस चालत नाही. पण गाडी कुठे न्यायची आणि कधी थांबवायची, हे ठरवायला माणसाचा विवेक लागतो. बुद्धीच्या देवतेने तो आपणा सर्वांना द्यावा, हीच प्रार्थना.