पक्ष्यांच्या पायातील कडे

हिवाळा सुरू झाला की यवतमाळ जिल्ह्यातील तलावांवर आणि बेंबळा, पूस यांसारख्या धरणांच्या पाण्यावर दूरदेशीचे पाहुणे उतरतात. हे पाहुणे म्हणजे परदेशांतून येणारी रानबदके आणि इतर पक्षी. ते कोठून येतात? कोणत्या वाटेने येतात? येताना आपल्याबरोबर एखादा रोग तर आणत नाहीत ना? असे प्रश्न पडले तर त्यांची उत्तरे अंदाजाने देऊन चालत नाही. ती शोधावी लागतात. आपल्या देशात हे शोधाचे काम ज्यांनी मोठ्या चिकाटीने केले, ते थोर पक्षिशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. सलीम अली.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते अगदी लहान असतानाच त्यांचे आईवडील वारले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी त्यांना पोटच्या मुलासारखे वाढवले. मामांना शिकारीचा शौक होता. छोट्या सलीमलाही एक छऱ्याची बंदूक मिळाली. एके दिवशी त्याने एक चिमणी टिपली. पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही चिमणी रोजच्या चिमणीहून वेगळी होती. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेत पाठवले. तेथील सचिव मिलार्ड यांनी चिमणीचे नाव सांगितले, पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. त्या दिवसापासून सलीमला पक्ष्यांचे वेड लागले.

पण पुढची वाट सोपी नव्हती. शिक्षण अर्धवट सोडून ते भावाला मदत करण्यासाठी ब्रह्मदेशात गेले. तेथील धंदा नीट चालला नाही. मुंबईला परत आल्यावर त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला, परंतु त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यामुळे चांगली नोकरी मिळेना. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात त्यांना काम मिळाले. नंतर ते जर्मनीला गेले आणि बर्लिनमध्ये प्राध्यापक श्ट्रेसेमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकले. परत येऊन पाहतात तो पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

सलीम अली निराश झाले नाहीत. पत्नी तेहमिना यांच्यासह ते कुलाबा जिल्ह्यातील किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले. कुलाबा जिल्ह्यालाच आज रायगड म्हणतात. तेथे सुगरण पक्ष्यांची घरटी होती. सलीम अली तासन्‌तास बसून त्यांचे निरीक्षण करीत आणि पाहिलेली प्रत्येक गोष्ट वहीत टिपून ठेवीत. नर घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी बारकाईने नोंदवले. या अभ्यासामुळे त्यांचे नाव झाले. १९३९ साली एका शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. हा आघात फार मोठा होता. तरीही त्यांनी काम थांबवले नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक प्रकाशित झाले.

आता आपण १९५७ सालाकडे वळू. त्या वर्षी म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, माकडे आणि वानरे पटापट मरू लागली. पाठोपाठ जंगलात लाकूडफाट्यासाठी जाणारी आणि गुरे चारणारी माणसे तापाने फणफणली. काहींचे प्राणही गेले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ तेथे धावून गेले. मेलेल्या माकडांची, आजारी माणसांच्या रक्ताची आणि जंगलातील गोचिडांची त्यांनी तपासणी केली. तेव्हा एक नवीन विषाणू सापडला. गोचीड माकडाला चावते, तशी माणसालाही चावते आणि रोग पसरवते, हे उघड झाले. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी आसपास पसरतात, म्हणून ती जागा धोक्याची ठरते. या रोगाला लोक माकडताप म्हणू लागले.

परंतु एक कोडे उरलेच. हा विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता होता. रशिया कोठे आणि क्यासनूर कोठे! मग तो आला कसा? दर हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांवर संशय गेला. त्यांच्या अंगावरील गोचिडींबरोबर विषाणू आला असेल, असे काही शास्त्रज्ञांना वाटले.

संशय घेणे सोपे असते, पुरावा मिळवणे कठीण. यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मदत दिली आणि १९५९ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या स्थलांतराचा मोठा अभ्यास सुरू केला. सलीम अली त्याचे प्रमुख होते. त्या वेळी ते साठी ओलांडून गेले होते. या वयात लोक विश्रांती घेतात. सलीम अली मात्र कच्छ, भरतपूर, पॉइंट कॅलिमेअर अशा दूरदूरच्या ठिकाणी तळ ठोकून राहिले.

काम असे चाले. पाणथळ जागी बारीक जाळ्या लावीत. पक्षी पकडण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज असलेले बिहारचे मीरशिकारही मदतीला असत. पक्षी हाती आला की त्याची जात ओळखत, वजन करीत, अंगावरील गोचिडी काढून घेत आणि रक्ताचा नमुना तपासणीसाठी ठेवीत. मग त्याच्या पायात धातूचे हलके कडे घालीत. कड्यावर क्रमांक आणि मुंबईच्या संस्थेला कळवण्याची विनंती असे. शेवटी पक्ष्याला इजा न करता सोडून देत. पुढे तो दुसऱ्या देशात कोणाला सापडला, तर पत्र येई आणि त्याची वाट कळे. अशा प्रकारे लाखाहून अधिक पक्ष्यांना कडी घालण्यात आली. भरतपूरला कडे घातलेली बदके हजारो किलोमीटर दूर, त्या वेळच्या सोव्हिएत संघात सापडल्याच्या खबरा आल्या.

एवढ्या तपासानंतरही माकडताप पक्ष्यांनी आणला, असे सिद्ध झाले नाही. मग ही मेहनत वाया गेली का? मुळीच नाही. एक तर निरपराध पक्ष्यांवर ठपका ठेवण्याची घाई टळली. दुसरे म्हणजे पक्ष्यांच्या वाटा कळल्या आणि वन्य पक्ष्यांच्या आरोग्यावर नजर ठेवण्याची पद्धत देशात रुजली. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आला, तेव्हा पुन्हा पाहुण्या पक्ष्यांकडे बोट दाखवले गेले. अशा वेळी पक्षी कोठून कोठे जातात, याची ही माहिती फार मोलाची ठरते.

१९७६ साली सलीम अली यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. १९८७ साली वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

माकडताप अजून संपलेला नाही. २०१६ साली तो आपल्या राज्यातील सिंधुदुर्ग जिल्ह्यातही आढळला. म्हणूनच आजही जंगलात मेलेल्या माकडाची नोंद होते आणि त्याचे नमुने तपासणीला जातात. या कामात गावातील लोकांचे डोळे सर्वांत आधी उपयोगी पडतात. टिपेश्वर किंवा पैनगंगा अभयारण्याच्या आसपास राहणाऱ्या मुलांनी हे जरूर ध्यानात ठेवावे. रानात माकड किंवा एकाच जागी अनेक पक्षी मेलेले दिसले, तर त्यांना हात लावू नये. त्यांना दगड मारून हुसकावू नये आणि अफवाही पसरवू नये. गुरुजींना, वनरक्षकाला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात ताबडतोब खबर द्यावी. आधी नीट पाहावे, मग नोंद करावी आणि पुरावा मिळाल्यावरच बोलावे. सलीम अली आयुष्यभर याच नियमाने वागले.