रमाईच्या चार लेकरांचा हिशेब

दरवर्षी २७ मे उजाडला की रायगडच्या किनारपट्टीवरील बौद्धवाड्यांत माता रमाईंचा स्मृतिदिन होतो. उरण-अलिबागपासून मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा आणि थेट महाडपर्यंत. मे महिना असल्यामुळे मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात. गावशाखा आणि मुंबई शाखा मिळून कार्यक्रम ठरवतात. त्रिसरण-पंचशील होते, पाहुण्यांची भाषणे होतात, रात्री गायन पार्टी रमाईची गाणी गाते आणि बायकांच्या डोळ्यांना पदर लागतो. प्रत्येक भाषणात एक शब्द हमखास असतो. त्याग.

आम्हीही हा शब्द अनेक वर्षे वापरला. आता मात्र तो तपासून पाहावा असे आम्हाला वाटते. रमाईंना पाच लेकरे झाली, त्यातील चार गेली आणि वयाच्या ३७ व्या वर्षी त्या स्वतःही गेल्या. त्याग माणूस आपल्या इच्छेने करतो. पोटचे लेकरू कोणती आई आपल्या इच्छेने देते? रमाईंची लेकरे त्यांनी दिली नव्हती, ती त्यांच्याकडून हिरावून घेतली गेली. कोणी हिरावली, हा खरा प्रश्न आहे.

रमाई आम्हा रायगडवासीयांना परक्या नाहीत. बागमांडल्याच्या फेरीबोटीत बसून सावित्रीची खाडी ओलांडली की मंडणगड तालुका लागतो. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे तिथेच. त्याच्या पुढे दापोली आणि दापोलीजवळचे वणंद हे रमाईंचे गाव. ७ फेब्रुवारी १८९८ हा त्यांचा जन्मदिवस. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या डोक्यावरून वाहायचे. आई रुक्मिणी लवकर गेली, पाठोपाठ वडीलही गेले. पोरक्या झालेल्या भावंडांना नातेवाइकांनी मुंबईला भायखळ्याला नेले. तिथल्याच मासळी बाजारात रात्री बाजार उठल्यावर १९०६ साली लग्न लागले. नवरा मुलगा भीमराव शाळेत शिकत होता आणि नवरी जेमतेम आठ-नऊ वर्षांची होती. पाळी म्हणजे काय हे कळण्याआधी संसार गळ्यात पडण्याचा तो काळ होता.

ज्या घरात ही सून आली, त्या घराचा इतिहासही तोच होता. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई यांना १४ अपत्ये झाली. त्यातील तीन मुलगे आणि दोन मुली एवढीच जगली, भीमराव हे चौदावे. १८९६ मध्ये साताऱ्याला भीमाबाई गेल्या तेव्हा भीमराव पाचेक वर्षांचा होता. लष्करात सुभेदार असलेल्या, शिकलेल्या माणसाच्या घरी ही स्थिती होती. मग खोताच्या शेतात राबणाऱ्या आमच्या पणज्यांचे काय झाले असेल? चिखलात लावणी लावता लावता कळा सुरू व्हायच्या. घराच्या कोपऱ्यात सुईण सोडवणूक करायची, विळ्याने नाळ कापली जायची आणि कित्येक बाळे धनुर्वाताने आठवडाभरात जायची. घरचे त्याला भूतबाधा समजायचे. किती झाली आणि किती जगली हे दोन आकडे त्या पिढीतल्या बाया एकाच दमात सांगायच्या.

रमाईंचे दोन आकडे होते पाच आणि एक. १९१२ साली यशवंत जन्मले, तेवढे जगले. गंगाधर, रमेश आणि लेक इंदू ही तिन्ही गेली. परळच्या बीआयटी चाळीतील दोन खोल्यांत मोठा कुटुंबकबिला, साहेब शिक्षणासाठी अमेरिका-लंडनला आणि इकडे रमाई शेण वेचून गोवऱ्या थापत आहेत. गंगाधर गेला तेव्हा कफनाला पैसे नव्हते, रमाईंनी लुगड्याचा तुकडा फाडून दिला, असे चळवळीत पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्यानंतर महिन्याभरात बाबासाहेबांनी मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. विद्वत्तेने जगाला दिपवणारा तो महापुरुष त्या पत्रात निव्वळ एक खचलेला बाप आहे. आपण आणि आपली पत्नी या धक्क्यातून सावरलो असे म्हणणे खोटे ठरेल, असा त्याचा आशय आहे.

उपाशी राहून गर्भ वाढवायचा, अंगावरचे दूध सुटते न सुटते तोच पुन्हा दिवस जायचे आणि औषधाला पैसे नाहीत. लेकरे हिरावणारी ही कारणे होती. दैव किंवा गेल्या जन्मीचे पाप नव्हते. गरिबी आणि बालविवाह सर्वच जातींच्या बायकांना छळत होते, हे आम्हाला मान्य आहे. पण अस्पृश्य बाईच्या वाट्याला त्यावर आणखी एक गोष्ट येत होती, ती म्हणजे विटाळ. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. त्याची बायको बाळंत होऊन आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. मोठ्या मिनतवारीने आला तो बाहेरच उभा राहिला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो शिक्षकाला दिला, शिक्षकाने बायकोला लावला आणि त्याच क्रमाने परत केला. नाडीला हात न लावता औषध ठरले. ती बाई मेली. ही हकीकत १९२९ सालची. ज्या धर्मात बाळंतिणीच्या नाडीपेक्षा डॉक्टरचे सोवळे मोठे, त्या धर्माने आमची किती लेकरे खाल्ली याची मोजदाद कोण करणार?

बाबासाहेबांनी दुःख उगाळले नाही, त्यावर कायद्याचा इलाज शोधला. राजरत्न गेल्यानंतर दीड वर्षात, डिसेंबर १९२७ मध्ये, ते समुद्रमार्गे आमच्याच दासगाव बंदरात उतरले आणि महाडला गेले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. स्त्रीला जन्मभर बापाच्या, नवऱ्याच्या आणि मुलाच्या ताब्यात ठेवणारा, तिच्या देहावरचा तिचा हक्क नाकारणारा तो ग्रंथ होता. त्यानंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी महाडला जमलेल्या महिलांची वेगळी सभा घेतली. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने टाका, मुलींना शिकवा, असे समजावले.

त्यानंतरचा क्रम पाहा. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली तो कायदा झाला. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या समाजस्वास्थ्य मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा उच्च न्यायालयात त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. हे कर्वे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे, म्हणजे रमाईंच्याच मुलखातले. त्यांनी १९२१ सालीच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते. खटला हरला, पण बाबासाहेबांनी विचार सोडला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत आला. बाबासाहेबांचे भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडले. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला कोणी पुरुष तयार झाला नसता, असा त्यात युक्तिवाद होता. सभागृहाने ठराव फेटाळला. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, असे सांगितले. मजूरमंत्री असताना १९४३ साली खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती आणली.

यातले बरेचसे रमाईंना पाहता आले नाही. प्रकृती खालावलेली असतानाही हवापालटासाठी धारवाडला वराळे यांच्याकडे गेल्या, तर वसतिगृहातली मुले उपाशी आहेत असे दिसताच हातातल्या बांगड्या काढून दिल्या. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी राजगृहात त्यांचा अंत झाला. पाकिस्तानवरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी पुढे रामूच्या स्मृतीला अर्पण केला. पण आमच्या मते, बाळंतिणीच्या विश्रांतीसाठी आणि स्त्रीच्या इच्छेसाठी झालेली वरची प्रत्येक लढाई हीसुद्धा त्यांना वाहिलेली श्रद्धांजली आहे.

आता आमच्या काळाकडे या. भीमाबाईंची १४, रमाईंची पाच आणि आज महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी दोनपेक्षाही कमी मुले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा १.७ आहे. ९४ टक्क्यांहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात. ही फार मोठी मजल आहे. पण त्याच पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे पोरे कमी झाली आणि रक्तही कमी झाले. आजीच्या काळी गरोदरपण आणि अंगावर पाजणे यातच वर्षे जायची, पाळी मोजकीच यायची. नातीची पाळी लवकर सुरू होते, मुले दोनच, त्यामुळे आयुष्यभरात तिला कितीतरी पट जास्त वेळा पाळी येते. रक्त जाते आणि ताटात ते भरून काढणारे काही नसते. घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेले कालवण खायचे, ही रीत आजीपासून नातीपर्यंत जशीच्या तशी चालत आली आहे.

आणखी ऐका. लग्न झालेल्या निम्म्या बायकांच्या कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, पुरुषांची नसबंदी एक टक्काही नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२ हजार स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा होतो, खाडा झाला की मजुरी कापली जाते, म्हणून पिशवीच काढून टाकायची! कागदावर सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे, पण मासळी विकणारीला, धुणीभांडी करणारीला, बिगारी काम करणारीला ती रजा कोण देणार? भीमाबाईंच्या काळी देह जातीच्या आणि धर्माच्या ताब्यात होता. आज मुकादमाच्या आणि बाजाराच्या ताब्यात जातो आहे, आणि घरात अजून नवऱ्याच्या.

इथे आम्ही चळवळीतल्या पुरुषांना, म्हणजे स्वतःलाही, विचारतो. रमाईच्या गाण्यावर आमचे डोळे भरतात. पण आपल्या लेकीचे हिमोग्लोबिन किती आहे, हे आमच्यापैकी किती बापांना ठाऊक आहे? अठरा पूर्ण होण्याआधी लेकीचे स्थळ पाहणारे आमच्यात नाहीत का? शस्त्रक्रियेची वेळ आली की तिलाच पुढे करणारे आम्हीच नाही का?

पुढच्या २७ मेला मंडपात हार-फुलांचा खर्च थोडा कमी करू. विहाराच्या ओसरीवर रक्ततपासणीचे टेबल लावू. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या ताईंना आणि आशाताईंना भाषणाला बोलावू, आणि पुरुषांना पुढच्या रांगेत बसवू. एकाही पोरीचे रक्त कमी नाही, एकाही पोरीचे लग्न कोवळ्या वयात नाही, असे जी वाडी सांगू शकेल तिने खुशाल रात्रभर गाणी गावीत. रमाईच्या चार लेकरांचा हिशेब तिथे थोडा तरी चुकता झालेला असेल. जयभीम!